पाचव्या ओळीवरचा शेंदूर

बेलसावंगीच्या बारवेत पाणी आहे आठशे वर्षांपासून आणि आसरादेवी आहे बत्तीस वर्षांपासून. पाणी कुणी आणलं यावर विद्वानांत दोन मतं आहेत. आसरा कुणी आणली हे मात्र, त्याच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे, एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि तो माणूस त्या सकाळी गार झालेला चहा समोर ठेवून पेपरातली एकच बातमी चौथ्यांदा वाचत होता.

त्र्यंबक मुळावकर गुरुजी. वय चौऱ्याहत्तर. निवृत्त शिक्षक, हौशी इतिहाससंशोधक आणि पंचक्रोशीत ‘बारवेवाले गुरुजी’. बारवेला राज्य संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला तो त्यांनी लिहिलेल्या एकशे सात अर्जांमुळे. यादवकाळातली, चुन्याचा थेंब न वापरता काळ्या दगडांत रचलेली, तीन बाजूंनी पायऱ्या उतरणारी ही बारव दुष्काळातही कधी आटलेली नाही, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत.

“अहो, पाठ झाली असेल आता ती बातमी,” अनसूयाबाई म्हणाल्या. अनसूया म्हणजे जिला असूया नाही ती. खरंच नव्हती. त्या घरातला मत्सराचा सगळा वाटा नवऱ्यानंच उचलला होता.

“शेषरावची पोरगी येतेय. यंत्र घेऊन,” गुरुजी म्हणाले.

“शलाका? मग पुरणाचं करते. तिला आवडतं.”

“तिच्या बापालाही आवडायचं,” गुरुजी म्हणाले आणि पेपर घडी न घालताच उठले.

शेषराव इंगोले जाऊन पाच वर्षं झाली होती. मेलेल्या माणसावर जळणं फार कठीण असतं. जिवंत माणूस कधीतरी चुकतो, आजारी पडतो, त्याचा पोरगा नापास होतो, तेवढाच आपल्याला विसावा. मेलेला माणूस काही चुकत नाही. गुरुजींना ही पाच वर्षं आधीच्या सत्तावीस वर्षांपेक्षा जड गेली होती.

दोघं एकाच शाळेत मास्तर होते. बारवेच्या तिसऱ्या टप्प्यावर, कोनाड्याशेजारच्या दगडावर सात ओळींचा शिलालेख दोघांनी मिळून शोधला. ओला कागद दगडावर चिकटवून, ब्रशानं ठोकून, शाईचा बोळा फिरवून ठसा घेतला तोही दोघांनी मिळून. शक अकराशे अडुसष्ट हे साल स्वच्छ होतं. पण पाचव्या ओळीत, जिथं बांधणाऱ्याचं नाव, तिथंच शेकडो वर्षं मोटेचे नाडे घासून अक्षरं सपाट झाली होती. शेषरावांनी तिथं एका सेनापतीचं नाव वाचलं. गुरुजींनी डोळे मिटून, बोटांनी चाचपून वाचलं, ‘चाकवै माळिणी’. चाकवै नावाची एक माळीण.

इतिहास परिषदेत दोघांनी आपापलं वाचन मांडलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “गुरुजी, माळीण हार करते हो, बारव नाही करत,” आणि अख्खं सभागृह हसलं. शेषरावांना टाळ्या मिळाल्या, मग पुण्याच्या नियतकालिकात लेख, मग शाल. परतीच्या बसमध्ये शेषरावांनी शेंगदाण्याची पुडी गुरुजींपुढं धरली आणि म्हणाले, “तुझंही खरं असेल रे, त्र्यंबक.” टाळ्या गुरुजींनी सहन केल्या असत्या. ती पुडी नाही झाली सहन.

आणि शेषरावाचं सगळंच असं. अक्षर मोत्यासारखं. गळा गोड. घरी आला की अनसूया खळखळून हसायची. गुरुजींच्या विनोदावर ती नुसती “हो का” म्हणायची. खरी गोम मात्र वेगळीच होती. त्या हशानंतर गुरुजींचा स्वतःच्याच बोटांवरचा विश्वास उडाला होता. त्यांना मनोमन वाटू लागलं की शेषरावच बरोबर आहे. उद्या एखादा मोठा विद्वान येईल, त्या ओळीवर भिंग धरेल आणि कायमचा निकाल लावेल.

म्हणून एका उन्हाळ्यातल्या भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, गुरुजी वाटीभर शेंदूर आणि तेल घेऊन बारवेत उतरले आणि पाचवी ओळ त्यांनी लिंपून टाकली. वर एक हळदीचं बोट, दोन झेंडूची फुलं. संध्याकाळी पाण्याला आलेल्या बायकांनी पाहिलं. बारवेत आसरा असतात, पाण्याच्या देवता, हे लहान पोरालाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी ओटी भरली गेली, आठवड्यात नवस बोलला गेला, वर्षात जत्रा भरली. शेंदूर लागलेल्या दगडाला नख लावायची आपल्याकडं कुणाची छाती नाही. शिलालेख पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात होता, पण पाचवी ओळ देवीच्या संरक्षणात गेली. पुस्तकांतून छापून येऊ लागलं: ‘या ओळीच्या वाचनाबाबत दोन मते आहेत.’ हरण्यापेक्षा अर्ध्या वादाचं मालक होणं गुरुजींना परवडलं.

मग बारा वर्षांपूर्वी क्ष-किरणांचं यंत्र आलं होतं. शेंदरात शिसं असतं आणि शिशातून क्ष-किरण जात नाहीत. यंत्र आंधळं झालं. त्या दिवशी गुरुजींनी आमरसाच्या दोन वाट्या जास्तीच्या घेतल्या होत्या.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

शलाका इंगोले दोन दिवसांनी आली. अडतीस वर्षांची, बापासारखी उंच, बापासारखी मोकळं हसणारी. आल्याआल्या वाकून नमस्कार केला. “काका, बाबा असते तर तुमच्याशेजारीच उभे राहिले असते,” ती म्हणाली. गुरुजींनी “हं” केलं.

यंत्र दिसायला अगदीच किरकोळ होतं. भाकरीच्या तव्याएवढी एक काळी चकती, तिला वायर, वायरीच्या टोकाला पडदा. नाव होतं आघातदर्शी. पुरणपोळी खाताना शलाकानं अनसूयाबाईंना ते समजावून सांगितलं.

“काकू, चोरीच्या मोटरसायकलचा नंबर चोर घासून काढतो ना? तरी पोलीस त्यावर तेजाब लावून तो वाचतात. कारण नंबर ठोकताना पत्र्याच्या आतपर्यंत मार बसलेला असतो. वरचं घासलं तरी आतला मार जात नाही. दगडाचंही तसंच. छिन्नीचा घाव बसला की खाली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत दगडाचे बारीक कण चिरडतात. अक्षर झिजून सपाट झालं तरी ते चिरडलेले कण तिथंच राहतात. आमची चकती दगडात आवाज सोडते. माणसाला ऐकू न येणारा, फार बारीक. धड दगडातून तो सरळ जातो, चिरडलेल्या जागी विखुरतो. असे लाखो प्रतिध्वनी जुळवले की खालचं अक्षर दिसतं.”

“आणि वर शेंदूर असला तर?” अनसूयाबाईंनी विचारलं. गुरुजींचा घास हातातच थांबला.

“आवाजाला शिशाचं काही वाटत नाही, काकू. शेंदराला नखही लावावं लागत नाही. मी मुद्दाम तसंच बनवलंय.”

गेल्या तीन वर्षांत या तव्यानं महाराष्ट्रात बरीच उलथापालथ केली होती. कुठं दीपमाळेवरचं पुसलेलं नाव उजेडात आलं आणि मानाच्या पहिल्या आरतीवरून दोन आळ्यांची डोकी फुटली. कुठं पिढ्यान् पिढ्या मिरवलेलं इनाम शेजाऱ्याच्या पूर्वजाचं निघालं. शेवटी सरकारनं नियम केला की वाचन करायचं ते गावासमोर आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा लावून. निकाल लागला की खातं स्मारकाजवळ कोरीव पाटी बसवायचं. पाटीच्या तळाशी एक ओळ असायची, ‘शिलालेख वाचन’, आणि पुढं ज्याचं वाचन खरं ठरलं त्याचं नाव. बेलसावंगीची पाटी कोरून तयार होती. बांधणाऱ्याचं नाव आणि ही शेवटची ओळ तेवढी कोरी होती.

तिथं ‘कै. शेषराव इंगोले’ लिहिलं जाणार आणि आपण उरलेलं आयुष्य रोज सकाळी फिरायला जाताना ते वाचणार, हे गुरुजींना डोळ्यांसमोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कौतिकाबाईंच्या अंगणात हजर झाले. आसरेची सगळी सेवा कौतिकाबाईंकडं. सत्तरीच्या, काटक, आणि जिभेला धार.

“कौतिकाबाई, आसरेवर यंत्र लावायलेत उद्या.”

“लावून काय करायलेत?”

“देवीच्या पोटातलं बघणार म्हणे. तुमची श्रद्धा आहे, मी काय बोलू? पण मी तुमच्या जागी असतो तर असं होऊ दिलं नसतं.”

“तुमी आमच्या जागी? गुरुजी, बत्तीस वर्सांत तुमी तिला एकदाबी हात जोडले न्हाईत. आज लईच कळवळा आला?”

गुरुजी गडबडले. “परंपरेचा प्रश्न आहे,” ते म्हणाले. ज्या परंपरेचा पहिला दिवस आपल्याला तारखेसकट आठवतो तिच्याविषयी असं बोलायला निगरगट्टपणा लागतो. तो त्यांच्याकडं होता.

काम मात्र झालं. वाचनाच्या दिवशी तिसऱ्या टप्प्यावर दहा-बारा बायका पदर खोचून बसलेल्या होत्या आणि मधोमध कौतिकाबाई. खात्याचे अधिकारी वरच्या पायरीवर घाम पुसत उभे. गाव तिन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर दाटलेलं. गुरुजी कोपऱ्यात भिंतीला टेकून निरागस चेहऱ्यानं पाहत होते.

शलाकानं चप्पल काढली आणि बायकांपुढं येऊन खालच्या पायरीवर बसली.

“मावशी, देवीला खरवडायचं नाही, पुसायचं नाही. ही चकती नुसती टेकवायची.”

“कोरडीच?”

“नाही, कोरडी नाही चालत. मध्ये हवा राहिली तर आवाज आत जात नाही. आधी तेल लावावं लागतं. तेवढी परवानगी द्या.”

कौतिकाबाईंनी मान तिरकी केली. “कोन्तं तेल?”

“कोणतंही. करडईचं चालेल.”

“आसरेला करडईचंच चालतं,” कौतिकाबाई म्हणाल्या. मग बायकांकडं वळल्या. “आगं, ही पोरगी तर तेल वाहायला आलीया. आडवायचं कशापायी?” आणि स्वतःच वाटीतलं तेल ओंजळीनं आसरेवर चोळत म्हणाल्या, “आन ती थाळी हिकडं. मीच धरते. परक्याचा हात कशाला?”

ज्या भक्तीच्या भरवशावर गुरुजी उभे होते, तीच आता यंत्र हातात धरून बसली होती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पडद्यावर आधी नुसती राखाडी धूळ दिसली. मग रेघा. मग चौथ्या ओळीचा शेवट आणि सहावीची सुरुवात, जी सगळ्यांना ठाऊक होती. पाचवी ओळ शेवटाकडून भरत येऊ लागली. गुरुजींनी डोळे उघडले ते अधिकाऱ्यांच्या आवाजानं.

“माळिणी,” अधिकारी वाचत होते. “म आहे, ळ आहे. स्पष्ट आहे. माळिणी.”

मग एकेक करत उरलेली अक्षरं आली. चाकवै माळिणी. तीन वर्षांची कमाई घालून या माळिणीनं ही बारव करविली. दहा-दहा मोटांचं पाणी फुलमळ्याला आणि उरलेलं वाटसरूंना. ना सेनापती, ना राजा. तेराव्या शतकात आपल्या नावावर, आपल्या कमाईनं बारव बांधणारी एक फुलं पिकवणारी बाई. अधिकाऱ्यांनी घाम पुसायचा सोडून ती ओळ वहीत उतरवून घेतली. असं दुसरं उदाहरण आपल्या तरी पाहण्यात नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पायऱ्यांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक गुरुजींकडं वळून टाळ्या वाजवत होते. बत्तीस वर्षं ज्या टाळ्यांसाठी जीव तळमळला त्या आठशे वर्षांच्या दगडांवरून घुमत होत्या. आणि गुरुजींच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: मी बरोबर होतो, आणि मीच ते झाकून ठेवलं. दगड उघडा असता तर दोन-चार वर्षांत कुणीतरी भिंग धरलं असतं आणि तेव्हाच हा दिवस उगवला असता. शेषराव जिवंत असता. त्याला ऐकवता आलं असतं.

हो, हेही त्यांच्या मनात आलं. जिंकल्यावरसुद्धा त्यांना पहिलं दुःख झालं ते शेषराव हरताना पाहायला मिळाला नाही याचं.

शलाका त्यांना खालच्या टप्प्यावर घेऊन गेली. तिथं कुणी नव्हतं. तिनं हातातला छोटा पडदा त्यांच्यापुढं धरला.

“काका, यंत्र शेंदराचे थरही वाचतं. एकावर एक चौसष्ट आहेत. वर्षाला दोन. हा सगळ्यात खालचा.”

त्या थरात चार बोटांच्या रेघा ओढलेल्या होत्या. उजवीकडून डावीकडं, वरून तिरप्या खाली.

“हा डावा हात आहे,” शलाका हळूच म्हणाली. “देवाला डाव्या हातानं शेंदूर आपल्याकडं कुणी लावत नाही, काका.”

गुरुजींनी डावा हात नकळत धोतराच्या घडीत लपवला. गावात डावरा मास्तर एकच होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

“तुला कधी कळलं?”

“आज दिसलं. पण बाबांना त्याच आठवड्यात कळलं होतं.” तिनं पर्समधून एका जुन्या वहीचं पान काढलं. मोत्यासारखं अक्षर. गुरुजींनी ते लांबूनच ओळखलं.

‘त्र्यंबकनं पाचव्या ओळीवर शेंदूर फासला आहे. डाव्या हातानं. फळ्यावर त्याचं डस्टर असंच फिरतं. खरवडायला दोन मिनिटं लागतील, पण मग त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. राहू दे.’

खाली वेगळ्या शाईत, बऱ्याच वर्षांनी लिहिलेलं होतं:

‘बारवेच्या दक्षिणेला मातीखाली दगडी पन्हळ सापडली. जुन्या फुलमळ्याकडं जाते. सेनापतीला फुलमळा कशाला? त्र्यंबकचं बरोबर असावं. पण हे सिद्ध करायचं तर दगड उघडा करावा लागेल, आणि दगडाबरोबर त्र्यंबकही उघडा पडेल. शलाकाला विचारलं, शेंदूर न काढता खालचं वाचता येईल का. म्हणाली, बघते. कधी तिथं पाटी लागलीच तर त्याचं नाव घाला.’

गुरुजींनी पान दोनदा वाचलं. शलाका वाट पाहत उभी होती.

“पहिल्या थराचं चित्र अहवालात घालायचं की नाही, हे तुम्ही सांगाल तसं,” ती म्हणाली. “बाबा असते तर घातलं नसतं.”

या शेवटच्या वाक्यानं गुरुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा असते तर! म्हणजे हाही मोठेपणा त्याचाच. सत्तावीस वर्षं तो घरी येऊन पोळ्या खात होता, आपल्या तोंडाकडं पाहून हसत होता, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. आपण त्याला पाण्यात पाहत होतो आणि तो आपल्याला सांभाळत होता. पाटीवर नाव येणार तेही त्यानं देऊ केलेलं. आता आपण गप्प बसलो तर जन्मभर त्याच्या ओंजळीनं पाणी पिणार.

“घाल,” ते म्हणाले. “अहवालात घाल. मोठं करून घाल.”

“काका, नीट विचार करा.”

“केला. तुझ्या बापाच्या उपकाराखाली मरण्यापेक्षा गावाच्या शिव्या खाल्लेल्या बऱ्या.”

आणि ते वर चढले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, धापा टाकत, तिसऱ्या टप्प्यावर येऊन त्यांनी शाळेतल्या आवाजात सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, “ही आसरा मी केली. शेंदूर मी फासला. देवीसाठी नाही, शेषराव इंगोलेवर जळून फासला. मला वाटलं होतं त्याचंच खरं आहे. त्याला हे पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, आणि त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. एवढंच.”

तिन्ही बाजूंच्या पायऱ्यांवरच्या माना कौतिकाबाईंकडं वळल्या. अनसूयाबाई बायकांच्या घोळक्यात होत्या. त्यांनी मान खाली घातली. एका नवसानंतर झालेली त्यांची मुलगी आता परदेशात होती. तो नवस याच दगडापुढं बोललेला होता.

कौतिकाबाईंनी तेलकट हात पदराला पुसले.

“मंजी त्या शेंदराखाली नाव व्हतं. बाईचं.”

“हो.”

“जिनं पानी केलं तिचं.”

“हो.”

“मग बत्तीस वर्सं आमी कुनाची वटी भरली?” त्यांनी बायकांकडं पाहिलं आणि स्वतःच उत्तर दिलं. “तिचीच की! आठशे वर्सांत त्या बयेला कुनी खनाचा तुकडा दिला नव्हता. गुरुजी, तुमी जळून लावला आसंल शेंदूर. लागला तो नीट जाग्यावर लागला.” मग त्यांचा आवाज चढला. “पर डाव्या हातानं? कुनी शिकीवलं तुमाला? हिकडं या.”

त्यांनी शेंदराची वाटी पुढं केली. गुरुजी पुढं झाले. डावा हात सवयीनं उठला, कौतिकाबाईंनी त्यावर चापट मारली. गुरुजींनी उजवं बोट बुडवलं आणि आसरेवर ओढलं. रेघ अगदीच वाकडी गेली. बायका हसल्या. मग बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिथं हात जोडले. चाकवै माळिणीला ते मनात म्हणाले, बाई, मी तुला बोटांनी ओळखलं होतं गं, आणि लोक हसले म्हणून तुला सोडून दिलं.

दोघं घरी परतायला निघाले. वेशीपाशी अनसूयाबाई थांबल्या.

“मलाही ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तुमच्या डाव्या बाहीला शेंदूर होता. मीच धुतली.”

“आणि तरी तिथं नवस बोललीस?”

“तुमच्यावर नव्हता बोलला. तिच्यावर बोलला.” त्या चालू लागल्या. “आता पाटीवर नाव येईल. झालं का समाधान? थांबलं का जळणं?”

गुरुजींनी खोटं बोलायचा विचार केला, पण आज ते फारच खरं बोलून बसले होते.

“नाही गं,” ते म्हणाले. “उलट वाढलं. आजपर्यंत त्याच्या टाळ्यांवर जळत होतो. त्या आज मला मिळाल्या, आणि त्यांत काहीच नव्हतं. पण त्याच्यासारखं गप्प बसणं? ते मला या जन्मात जमलं नसतं.”

अनसूयाबाई खळखळून हसल्या. शेषराव घरी यायचे तेव्हा हसायच्या, तशाच. गुरुजी त्यांच्याकडं पाहत राहिले आणि मग त्यांनी खिशात हात घालून वाटेत घेतलेली शेंगदाण्याची पुडी बायकोपुढं धरली.